नवी आवृत्ती केव्हा घ्यावी: ऑपरेटिंग सिस्टीममधल्या बाहेरच्या सॉफ्टवेअरचा हिशेब

२०१४ या एकाच वर्षात दोन मोठ्या सुरक्षा त्रुटी उघडकीस आल्या आणि दोन्हींनी नेमके उलटसुलट दाखले दिले. एप्रिलमध्ये 'हार्टब्लीड' जाहीर झाली. संकेतस्थळांशी होणारी देवाणघेवाण कूटबद्ध करणाऱ्या ओपनएसएसएल या लायब्ररीतली (इतर कार्यक्रमांना वापरता येणाऱ्या तयार कोडच्या संचातली) ही त्रुटी मार्च २०१२ मध्ये आलेल्या १.०.१ या आवृत्तीपासून पुढे होती. ज्यांनी ०.९.८ किंवा १.०.० ही जुनी आवृत्ती बदललीच नव्हती, त्यांच्या सर्व्हरांना या त्रुटीचा उपद्रव झाला नाही. त्यांचा आळस त्यांच्या पथ्यावर पडला. सप्टेंबरमध्ये 'शेलशॉक' उघड झाली. बॅश या कमांड शेलमधली, म्हणजे टाइप केलेल्या आज्ञा चालवणाऱ्या कार्यक्रमातली, ही त्रुटी १९८९ पासून, म्हणजे पंचवीस वर्षे, कोणाच्याही नजरेस न पडता तिथेच होती. जुनी आवृत्ती सांभाळून बसलेल्यांना या वेळी कसलाच आडोसा मिळाला नाही.

'जुने ते सोने' म्हणणाऱ्याला हार्टब्लीडचा आधार सापडतो आणि 'अपडेट करत राहा' म्हणणाऱ्याला शेलशॉकचा. दोघांचेही पुरावे खरे आहेत, आणि म्हणूनच आवृत्तीचे वय पाहून निर्णय करता येत नाही. ऑपरेटिंग सिस्टीम तयार करणाऱ्या मंडळींपुढे हा प्रश्न सतत उभा असतो: बाहेरच्या एखाद्या प्रकल्पाने नवी आवृत्ती काढली आहे, ती आत्ता घ्यायची, पुढच्या वर्षी घ्यायची, की घ्यायचीच नाही? माझ्या मते इथे सर्वांत आधी पाहायचे ते हे, की त्या आवृत्तीमागे दुरुस्ती करायला कोण उभे आहे आणि किती दिवस उभे राहणार आहे. नवी वैशिष्ट्ये, वेग, सुसंगतता, परवाना हे सगळे महत्त्वाचे आहेच. पण त्रुटी निघाल्यावर ती बुजवणारा माणूसच नसेल, तर बाकीच्या गुणांचा फारसा उपयोग होत नाही.

आधी 'बाहेरचे सॉफ्टवेअर' म्हणजे काय ते पाहू. ऑपरेटिंग सिस्टीम वापरणाऱ्याला एकसंध दिसते, पण तिच्यातले पुष्कळसे सामान दुसऱ्यांच्या घरून आलेले असते. डेबियन किंवा फेडोरा यांसारख्या लिनक्स वितरणांत तर कर्नल (प्रणालीचा गाभा), सी लायब्ररी, कंपायलर (लिहिलेल्या सोर्स कोडचे चालणाऱ्या कार्यक्रमात रूपांतर करणारे साधन), शेल, कूटबद्धीकरणाची लायब्ररी, फायली आकुंचित करणारी साधने असे जवळजवळ सगळेच स्वतंत्र प्रकल्पांकडून येते, आणि वितरणाचे मुख्य काम ते निवडणे, जुळवणे आणि सांभाळणे हे असते. फ्रीबीएसडीसारखी प्रणाली आपले कर्नल आणि मूळ साधने स्वतः लिहिते; तरीही क्लँग कंपायलर, दूरच्या यंत्रात सुरक्षितपणे प्रवेश देणारे ओपनएसएसएच, ओपनएसएसएल अशा गोष्टी तिलाही बाहेरूनच घ्याव्या लागतात. अशा मूळ प्रकल्पाला या व्यवसायात 'अपस्ट्रीम' म्हणतात, कारण पाणी जसे वरच्या अंगाने खाली येते तसा कोड तिथून वाहत येतो. वरच्या गावाने पाणी केव्हा सोडावे हे खालच्या गावाच्या हाती नसते, आणि अडचणीचे मूळ इथेच आहे.

ऑपरेटिंग सिस्टीमचे स्वतःचे एक वेळापत्रक असते आणि अपस्ट्रीमचे दुसरे. दोन्ही वेळापत्रके एकमेकांना न विचारता आखलेली असतात. ओपनएसएसएल आणि फ्रीबीएसडी या जोडीत हे फार स्वच्छ दिसते, म्हणून त्यावर थोडे थांबू. २०१८ च्या उत्तरार्धात फ्रीबीएसडी १२.० तयार होत होती तेव्हा ओपनएसएसएलच्या तीन आवृत्त्या समोर होत्या. पहिली १.०.२, वर्षानुवर्षे वापरात असलेली, सगळ्यांच्या हातात बसलेली, पण अपस्ट्रीमकडून तिला मिळणारा आधार ३१ डिसेंबर २०१९ रोजी संपणार होता. दुसरी १.१.०, ती काही काळ वापरली गेलेली होती, मात्र तिचा आधार त्याहूनही आधी, सप्टेंबर २०१९ मध्ये संपणार होता. तिसरी १.१.१, ती सप्टेंबर २०१८ मध्ये नुकतीच प्रसिद्ध झाली होती, टीएलएस १.३ हा कूटबद्ध संपर्काचा नवा प्रोटोकॉल घेऊन आली होती, तिचा प्रत्यक्ष वापराचा अनुभव नगण्य होता, पण तिला पाच वर्षांचा आधार जाहीर झालेला होता.

सावध माणूस इथे पहिलीकडे झुकेल. परंतु फ्रीबीएसडीची १२ ही शाखा, म्हणजे १२.० आणि तिच्यामागून येणाऱ्या छोट्या आवृत्त्यांची मालिका, स्वतः पाच वर्षे चालणार होती. १.०.२ घेतली असती तर पहिल्या वर्षानंतरची चार वर्षे प्रत्येक त्रुटीची दुरुस्ती स्वतःच्या बळावर करावी लागली असती, तीही अशा कोडमध्ये जो आपण लिहिलेला नाही आणि ज्यातली एक चूक सगळ्या वापरकर्त्यांची गुपिते उघडी पाडू शकते. म्हणून डिसेंबर २०१८ मध्ये १२.० आली तेव्हा तिच्यात जेमतेम तीन महिन्यांची १.१.१ होती, आणि कॅलेंडर पुढे ठेवून पाहिले तर हाच निर्णय जास्त सावधपणाचा होता. १.१.१ चा आधार ११ सप्टेंबर २०२३ रोजी संपला आणि १२ ही शाखा ३१ डिसेंबर २०२३ रोजी. उघडे राहिलेले अंतर चार महिन्यांहूनही कमी होते.

दर वेळी गणित असे सुटत नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये फ्रीबीएसडी १४.० आली ती ओपनएसएसएल ३.० घेऊन. ३.० ही दीर्घकालीन आधाराची आवृत्ती असली तरी ती सप्टेंबर २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली होती, त्यामुळे तिची पाच वर्षे सप्टेंबर २०२६ मध्ये भरतात. १४ या शाखेचे वचन मात्र नोव्हेंबर २०२८ पर्यंतचे आहे. मधली दोन वर्षे आणि वरचे दोन महिने कोणी तरी सांभाळायचे आहेत. ते काम स्वतः करता येते, दुसऱ्या वितरणांनी केलेल्या दुरुस्त्या तपासून घेता येतात, किंवा अपस्ट्रीमकडून पैसे मोजून वाढीव आधार घेता येतो. यांपैकी कोणताही मार्ग गैर नाही, फक्त तो निर्णय घेण्याच्या दिवशीच ठरलेला असावा. आधार संपल्याच्या दुसऱ्या दिवशी 'आता काय' असे विचारणे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणे झाले.

इथे वाचकाच्या मनात साहजिक शंका येईल की शाखेच्या मध्यावरच ३.० काढून पुढची आवृत्ती का बसवू नये. उत्तर 'एबीआय' या तीन अक्षरी प्रकरणात आहे. कार्यक्रम लिहिणारा लायब्ररीतले फंक्शन नावाने बोलावतो; ही सोर्स कोडच्या पातळीवरची बोली झाली, तिला एपीआय म्हणतात. कार्यक्रम एकदा कंपाइल झाला की नावांबरोबर काही कोरडे आकडेही त्यात कायमचे कोरले जातात: अमुक रचना इतक्या बाइटांची आहे, तिच्यातली तमुक माहिती सुरुवातीपासून इतक्या बाइटांवर आहे. ही दुसरी, बायनरी पातळीवरची बोली म्हणजे एबीआय. लायब्ररीच्या नव्या आवृत्तीने त्या रचनेत मध्येच एक नवे क्षेत्र घातले तर सोर्स कोडला काही कळतही नाही, पण आधीच कंपाइल झालेला कार्यक्रम जुन्याच अंतरावर हात घालतो आणि भलतीच माहिती उचलतो. म्हणूनच लायब्ररीच्या फाइलनावाला शेवटी एक क्रमांक असतो. एबीआय मोडला की तो वाढवायचा, म्हणजे जुना कार्यक्रम नव्या लायब्ररीशी चुकून जोडला जात नाही, तो सुरूच होत नाही. चुकीचे उत्तर देण्यापेक्षा सुरू न होणे केव्हाही बरे.

स्थिर शाखेत एबीआय मोडायचा नाही, असे वचन बहुतेक ऑपरेटिंग सिस्टीमा देतात, आणि या वचनामुळे मोठ्या आवृत्तीबदलाची संधी फक्त नव्या शाखेच्या आरंभीच मिळते. ती गाडी चुकली तर पुढची दोन-तीन वर्षांनी. ओपनएसएसएलने १.१.० मध्ये आपल्या अंतर्गत रचना झाकून टाकल्या आणि आतल्या क्षेत्रांना थेट हात न लावता ठरवून दिलेल्या फंक्शनांमार्फतच जावे असा नियम केला. नियम शहाणपणाचा होता, पण थेट हात घालणारे असंख्य कार्यक्रम त्यामुळे कंपाइल होईनासे झाले. डेबियनने २०१७ च्या आवृत्तीत १.०.२ आणि १.१.० या दोन्ही शेजारीशेजारी ठेवल्या. ज्याचे काम झाले आहे त्याने नवी वापरावी, ज्याचे झालेले नाही त्याला जुनी मिळेल. दोन आवृत्त्या ठेवणे म्हणजे दुरुस्तीचे काम दुप्पट, पण एका कार्यक्रमासाठी सगळे वितरण अडून राहत नाही.

एबीआय जसाच्या तसा ठेवूनही घोटाळा होऊ शकतो, आणि हे प्रकार अधिक गमतीचे असतात. २०१० च्या अखेरीस फेडोरा १४ मध्ये ६४ बिटांच्या फ्लॅश प्लेअरचा आवाज विचित्र, खरखरीत येऊ लागला. शोध घेता घेता गोष्ट सी लायब्ररीतल्या मेमसीपीवाय या अत्यंत साध्या फंक्शनपर्यंत पोहोचली. स्मृतीतला एक तुकडा उचलून दुसरीकडे ठेवणे एवढेच त्याचे काम. दोन जागा एकमेकींवर चढत असतील तर हे फंक्शन वापरू नये, असे सी भाषेचे मानक स्पष्ट सांगते, आणि त्यासाठी वेगळे फंक्शन देते. फ्लॅश प्लेअर तरीही तेच वापरत होता. आजवर लायब्ररी सुरुवातीकडून शेवटाकडे बाइट उचलत असल्यामुळे ही चूक खपून गेली होती. नव्या लायब्ररीत काही प्रोसेसरांसाठी वेग वाढवताना उचलण्याचा क्रम उलटा झाला आणि अजून न वाचलेल्या बाइटांवर नवे बाइट जाऊन बसू लागले. नियम मोडणारा फ्लॅश होता, पण वापरकर्त्याच्या लेखी बिघडवणारी फेडोरा होती, कारण काल आवाज नीट येत होता आणि अपडेटनंतर येईनासा झाला. लायब्ररीने पुढच्या आवृत्तीत त्या फंक्शनला नवी आवृत्तीखूण दिली, म्हणजे जुने कार्यक्रम जुन्या वर्तनाशी बांधलेले राहिले आणि नव्याने कंपाइल होणाऱ्यांनाच नवे वर्तन मिळू लागले. या प्रकरणातला कळीचा मुद्दा असा की नवी आवृत्ती तपासताना लिखित वचन पाळले गेले का एवढेच पाहून चालत नाही. लोक ज्या अलिखित सवयीवर विसंबून आहेत ती मोडते का, हेही पाहावे लागते, आणि ते कागदावर कुठेच सापडत नाही.

त्यासाठी एकच खात्रीचा उपाय आहे: सगळे बांधून, म्हणजे सोर्स कोडपासून पुन्हा तयार करून, पाहणे. कंपायलरची नवी आवृत्ती घेण्याआधी फेडोरा आपली सर्व पॅकेजे नव्याने बांधते; फ्रीबीएसडीत असा बदल मुख्य शाखेत जाण्यापूर्वी हजारो पोर्ट, म्हणजे मूळ प्रणालीबाहेरचे कार्यक्रम, प्रायोगिक बांधणीतून काढले जातात. ज्या बांधण्या फुटतात त्या निदान आवाज करून फुटतात. मला जास्त भीती वाटते ती न फुटणाऱ्यांची. मे २०२४ मध्ये जीसीसी १४ ही कंपायलरची आवृत्ती आली. जाहीर न करता फंक्शन वापरण्याची ढिलाई सी भाषेच्या १९९९ च्या मानकानेच काढून टाकली होती, पण जीसीसी इतकी वर्षे त्याबद्दल केवळ इशारा देत असे. १४ पासून ती चूक ठरली. आता असे पाहा की पुष्कळ जुन्या प्रकल्पांत बांधणीपूर्वी 'कॉन्फिगर' नावाची स्क्रिप्ट चालते. ती चार ओळींचा एक चाचणी कार्यक्रम तयार करते, कंपाइल करून पाहते, आणि तो कंपाइल झाला तर अमुक सोय या यंत्रावर आहे असे नोंदवते. असा चाचणी कार्यक्रम वीस वर्षांपूर्वी घाईने लिहिलेला असेल आणि त्यात शेवटी बोलावलेल्या फंक्शनची ओळख करून देणारी हेडर फाइल जोडायची राहून गेली असेल, तर नवा कंपायलर तो नाकारतो. स्क्रिप्ट शांतपणे लिहिते: 'सोय उपलब्ध नाही.' पुढची सगळी बांधणी बिनबोभाट पार पडते, पॅकेज तयार होते, चाचण्याही त्या सोयीच्या वगळल्या जातात, आणि वापरकर्त्याच्या हाती एक असा कार्यक्रम पडतो ज्यातला एखादा भाग गायब आहे. हे पकडायचे तर जुन्या आणि नव्या कंपायलरने बांधताना कॉन्फिगरने काय काय नोंदवले, त्या दोन याद्या समोरासमोर ठेवून फरक पाहावा लागतो. फेडोराच्या मंडळींनी असे प्रकार शोधून सुधारण्याचे काम जीसीसी १४ यायच्या बरेच आधी सुरू केले होते, म्हणून त्यांना ती लवकर घेता आली.

घाईचा जुना नमुना म्हणजे सन २००० मधली रेड हॅट लिनक्स ७. तिच्यात '२.९६' क्रमांकाची जीसीसी होती. असा क्रमांक जीसीसी प्रकल्पाने कधी प्रसिद्ध केलेलाच नव्हता. विकासाधीन कोडचा त्या दिवसाचा तुकडा उचलून त्यावर स्वतःच्या दुरुस्त्या चढवलेल्या होत्या. कारणे अगदीच पोकळ नव्हती, सी++ चा आधार त्यात पुष्कळ सुधारलेला होता. पण त्या कंपायलरने बांधलेला सी++ कार्यक्रम मागच्या आणि पुढच्या अधिकृत आवृत्त्यांशी बायनरी पातळीवर जुळत नव्हता, आणि कर्नल बांधण्यासाठी त्याच वितरणात वेगळा, जुना कंपायलर सोबत द्यावा लागला होता. जीसीसी प्रकल्पाने ती आपली आवृत्ती नाही असे जाहीर केले. अपस्ट्रीमने प्रसिद्ध न केलेली आवृत्ती घेणारा त्या क्षणी स्वतःच अपस्ट्रीम होतो.

काही वेळा मात्र तंत्राचा मुद्दाच गौण ठरतो आणि परवाना निर्णय करून टाकतो. २००७ मध्ये जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्याची तिसरी आवृत्ती आली आणि जीसीसी तिच्याखाली गेली. दुसऱ्या आवृत्तीखालची शेवटची जीसीसी ४.२.१. फ्रीबीएसडीला तिसरी आवृत्ती मूळ प्रणालीत नको होती, त्यामुळे ती ४.२.१ वरच थांबली. पहिली काही वर्षे काही बिघडले नाही. मग २०११ मध्ये सी++ चे नवे मानक आले, बाहेरचे प्रकल्प ते वापरू लागले, आणि गोठलेल्या कंपायलरला ती भाषा कळेना. दरम्यान क्लँग मोठा होत होता. जानेवारी २०१४ मधल्या फ्रीबीएसडी १०.० मध्ये तो प्रमुख प्लॅटफॉर्मांवर मूळ कंपायलर झाला, आणि जुनी जीसीसी पूर्णपणे वगळलेली १३.० यायला २०२१ उजाडले. चौदा वर्षे चाललेल्या या प्रकरणाकडे मी अपयश म्हणून पाहत नाही. 'घ्यायची नाही' हेही उत्तर असू शकते, पण त्या उत्तराचा खर्च दर वर्षी चढत जातो आणि शेवटी पर्याय उभा करावाच लागतो. मॅकओएसमध्ये बॅश ३.२ वरच राहिली आहे, ३.२ नंतरची बॅश नव्या परवान्याखाली आहे, आणि २०१९ च्या कॅटलिना आवृत्तीपासून तिथे आपोआप मिळणारा शेल झेडएसएच हा आहे.

जुनी आवृत्ती ठेवूनही सुरक्षित राहण्याचा जो मार्ग आहे त्याला 'बॅकपोर्ट' म्हणतात. अपस्ट्रीमने नव्या आवृत्तीत केलेली दुरुस्ती तेवढीच वेगळी काढायची आणि जुन्या कोडमध्ये बसवायची. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्सची मोठी आवृत्ती दहा वर्षे चालते ती प्रामुख्याने याच कामावर. यातून एक हमखास गैरसमज निर्माण होतो. जुलै २०२४ मध्ये ओपनएसएसएचमध्ये 'रिग्रेशन' शब्दावर श्लेष करून 'रेग्रेएसएसएच' असे नाव दिलेली गंभीर त्रुटी जाहीर झाली आणि अपस्ट्रीमने ती ९.८ मध्ये दुरुस्त केली. रेड हॅटच्या नवव्या आवृत्तीत त्या वेळी ओपनएसएसएच ८.७ होती, दुरुस्ती तिथे बॅकपोर्ट झाली आणि क्रमांक ८.७ च राहिला. केवळ क्रमांक वाचणारे सुरक्षा स्कॅनर अशा यंत्रावर लाल खूण करतात आणि अहवाल पाहणारे वरिष्ठ घाबरतात. अशा वेळी पॅकेजचा पूर्ण क्रमांक, म्हणजे आडव्या रेघेनंतरचा वितरणाचा स्वतःचा आकडाही, वितरणाच्या सूचनापत्राशी ताडून पाहावा. जाता जाता नोंदवण्यासारखे म्हणजे, ही त्रुटी ८.५ पासून पुन्हा शिरली होती, म्हणून ८.० असलेली रेड हॅटची आठवी आवृत्ती तिच्यापासून मुळातच मुक्त होती. हार्टब्लीडचाच प्रकार दहा वर्षांनी पुन्हा घडला.

बॅकपोर्ट किंवा स्थानिक बदल हा फुकटचा मार्ग मात्र नाही. २००६ मध्ये डेबियनमध्ये ओपनएसएसएलच्या कोडमधल्या काही ओळी बंद करण्यात आल्या, कारण स्मृतीतल्या चुका शोधणारी साधने त्यांच्यावर बोट ठेवत होती. त्यातली एक ओळ यादृच्छिक संख्यांसाठी लागणारी अनिश्चितता गोळा करत होती. ती गेल्यावर उरला केवळ प्रक्रियेचा क्रमांक, आणि तो ३२,७६८ च्या आत असे; म्हणजे एकाच जातीच्या यंत्रांवर एका प्रकारच्या आणि लांबीच्या कूटबद्धीकरणाच्या किल्ल्या संपूर्ण जगात मिळून तेवढ्याच तयार होऊ शकत होत्या. हे मे २००८ मध्ये उघड झाले आणि मधल्या काळातल्या किल्ल्या टाकून द्याव्या लागल्या. बाहेरच्या कोडमध्ये हात घालणाऱ्याने प्रत्येक बदल अपस्ट्रीमला पाठवावा, असा आग्रह धरला जातो त्याचे कारण शिष्टाचार नाही. तिथे तो कोड रोज वाचणारे डोळे असतात. शिवाय बदल तिथेच स्वीकारला गेला तर पुढच्या आवृत्तीच्या वेळी तो पुन्हा चढवावा लागत नाही. स्वतःकडचे बदल साठत गेले की नवी आवृत्ती घेणे इतके जड होते की ते पुढे ढकलले जाते, आणि ढकलल्यामुळे आणखी बॅकपोर्ट साठतात.

मग थोडे थांबून, दुसऱ्यांना आधी ठेच लागू देऊन घ्यावे का? पुढच्यास ठेच, मागचा शहाणा हे खरे, पण पुढे कोणी चालत असेल तरच. डेबियनमध्ये नवे पॅकेज आधी अस्थिर शाखेत येते आणि तातडीनुसार साधारणपणे दोन, पाच किंवा दहा दिवस गंभीर तक्रार न आल्यास चाचणी शाखेत सरकते. साध्या चुका या चाळणीत पकडल्या जातात. फायली आकुंचित करणाऱ्या एक्सझेड या साधनाच्या फेब्रुवारी आणि मार्च २०२४ मध्ये आलेल्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्या मात्र या चाळणीतून पार झाल्या आणि डेबियनच्या चाचणी शाखेपर्यंत पोहोचल्या. त्यांच्यात मुद्दाम पेरलेला चोरदरवाजा होता. त्याचे तुकडे चाचणीच्या फायलींत दडवलेले होते, आणि ते जोडणारी कळ प्रसिद्ध केलेल्या संग्रहफाइलमधल्या बांधणीच्या स्क्रिप्टमध्ये होती, जी सार्वजनिक कोडभांडारात नव्हतीच. आंद्रेस फ्रॉइंड या डेव्हलपरला आपल्या यंत्रावर एसएसएचने प्रवेश करताना अर्धा सेकंद जास्त लागतो असे जाणवले, तो त्याच्या मागे लागला, आणि २९ मार्च २०२४ रोजी त्याने हे जाहीर केले. डेबियनच्या स्थिर शाखेला धक्का लागला नाही. हे थांबण्याचे फळ होते, पण त्या थांबण्याला अर्थ आला तो अस्थिर शाखा वापरून अर्ध्या सेकंदाची चौकशी करणाऱ्या माणसामुळे. सगळेच थांबले असते तर ती आवृत्ती दोन वर्षांनी, तितक्याच न तपासलेल्या अवस्थेत, स्थिर शाखेत गेली असती. आणखी एक गोष्ट: ओपनएसएसएच स्वतः एक्सझेड वापरतच नाही. काही वितरणांनी सिस्टमडीला (यंत्रावरच्या सेवा सुरू करून सांभाळणाऱ्या कार्यक्रमाला) सूचना पाठवण्यासाठी ओपनएसएसएचमध्ये स्वतःचा बदल केला होता, आणि त्या वाटेने ती लायब्ररी आत आली होती.

एवढे सगळे लक्षात घेतले की निर्णयाच्या वेळी विचारायचे प्रश्न आपोआप हाती येतात. या आवृत्तीचा आधार कोणत्या तारखेला संपतो आणि आपला कोणत्या तारखेला? मध्ये अंतर राहत असेल तर ते कोण भरणार, त्याचे नाव काय? एबीआय बदलतो का, आणि बदलत असेल तर आपली शाखा आज त्या टप्प्यावर आहे का? सुरक्षेच्या दुरुस्तीला हे नियम लागू नाहीत. ती दुरुस्ती लगेच घ्यायची, शक्य तर बाकीची आवृत्ती न बदलता. आणि एक प्रश्न फार कमी वेळा विचारला जातो: ही गोष्ट मूळ प्रणालीत हवीच का? फ्रीबीएसडीने पर्ल ही प्रोग्रामिंग भाषा २००३ मधल्या ५.० मध्ये मूळ प्रणालीतून काढून पोर्टमध्ये ठेवली, आणि संकेतस्थळांच्या नावांवरून पत्ते शोधून देणारा बाइंड हा नावसेवक १०.० मध्ये काढला. पोर्टमधली आवृत्ती ऑपरेटिंग सिस्टीमच्या शाखेला बांधलेली नसते, त्यामुळे ज्याला नवी हवी त्याला ती लगेच मिळते आणि ज्याला ती नकोच आहे त्याच्यावर तिच्या त्रुटींचा भार पडत नाही. साध्या वापरकर्त्यालाही हीच युक्ती उपयोगी पडते: खालची प्रणाली स्थिर ठेवावी आणि जो एखादा कार्यक्रम खरोखर नवा हवा आहे तेवढाच कंटेनर, फ्लॅटपॅक (दोन्ही कार्यक्रमाला बाकी प्रणालीपासून वेगळे ठेवतात) किंवा बॅकपोर्ट भांडारातून घ्यावा.

शेवटी परतीच्या वाटेबद्दल. पॅकेज सांभाळणारी साधने मोठ्या क्रमांकाला नवे समजतात आणि आपणहून क्रमांक खाली आणत नाहीत. त्यातही नव्या आवृत्तीने माहितीच्या फायली नव्या स्वरूपात लिहिल्या असतील तर जुना कार्यक्रम त्या वाचूच शकत नाही, म्हणून घेण्याआधी परतीची चाचणी एकदा करून पाहावी लागते. एक्सझेडचा चोरदरवाजा उघड झाला तेव्हा डेबियनला तातडीने ५.४.५ वर यायचे होते, पण लोकांच्या यंत्रांवर ५.६.१ पोहोचली होती आणि ५.४.५ पाठवली असती तर त्या यंत्रांनी ती जुनी म्हणून दुर्लक्षिली असती. तेव्हा नवे पॅकेज ज्या क्रमांकाने निघाले तो असा होता: '५.६.१+रिअली५.४.५-१'. साधनाला तो ५.६.१ च्या पुढचा वाटला आणि त्याने तो निमूटपणे बसवला. वाचणाऱ्या माणसाला आत काय आहे ते 'रिअली' या शब्दाने सांगितले.